कोऱ्या कागदावरचा पाऊस

फ्रेड काबोटी या होपी चित्रकाराचे सुरुवातीच्या काळातले नाचाचे चित्र समोर आले की आधी कागदाचा कोरेपणा जाणवतो. वर आकाश नाही, मागे घरे नाहीत, बघ्यांची गर्दी नाही. नर्तकांची एक रांग आहे, पाय उचललेले आहेत आणि त्या पायांखाली मातीसुद्धा नाही. मग नजर एका नर्तकावर ठरते आणि दिसायला लागते की सगळी श्रीमंती तिथे आहे. पोटरीला बांधलेली कासवाची पाठ, हातातला भोपळ्याचा खुळखुळा, कमरेच्या पांढऱ्या वस्त्राच्या कडेला भरलेली नक्षी, पट्ट्याच्या टोकाला सुटलेले लांब गोंडे, गळ्याभोवती सूचिपर्णी झाडाच्या हिरव्या डहाळ्या. बोटभर उंचीच्या आकृतीतली ती नक्षी मोजून घ्यावी इतकी स्वच्छ असते. हे चित्र काढणारा मुलगा तेव्हा घरापासून शेकडो किलोमीटर दूर सरकारी वसतिशाळेत होता. समोर नमुना नव्हता, छायाचित्र नव्हते. जे काही होते ते आठवणीत होते.

हा तपशील इतका काटेकोर का, हे समजायचे तर होपींच्या मुलखात जायला हवे.

अमेरिकेच्या ऍरिझोना राज्याच्या ईशान्येला, उजाड पठारी प्रदेशात, तीन मेसांवर आणि त्यांच्या आसपास होपींची गावे आहेत. मेसा म्हणजे सपाट माथ्याचा, तुटलेल्या कड्यांचा डोंगर. यांपैकी ओराईबी हे गाव इ. स. ११५० च्या सुमारापासून सलग नांदते आहे. आजच्या अमेरिकेत सर्वांत जुन्या वसत्यांमध्ये त्याची गणना होते. पाऊस वर्षाला जेमतेम दहा इंचांच्या आसपास. मेसांच्या पायथ्याशी बारमाही नदी नाही. तरीही होपी माणूस शेकडो वर्षे याच वाळूत मका पिकवत आला आहे. टोकदार काठीने वीतभर किंवा त्याहून खोल भोक पाडायचे, ओलावा लागेल तिथे बी टाकायचे, एकाच भोकात बरेच दाणे टाकायचे आणि दोन ठोंबांत भरपूर अंतर ठेवायचे, अशी त्यांची पेरणी. पुढचे सगळे ढगांवर.

ढगांशी बोलण्याचे काम कत्सिना करतात. कत्सिना म्हणजे पूर्वजांचे, ढगांचे, प्राण्यांचे, वनस्पतींचे आत्मरूप. त्यांना देव म्हणणे बरोबर होणार नाही. होपी त्यांना मित्र, सोयरे मानतात, आणि मित्राकडे मागावे तसा त्यांच्याकडे पाऊस मागतात. हिवाळ्यात, सूर्य दक्षिणेच्या टोकाला पोहोचतो त्या सुमारास होणाऱ्या सोयाल विधीपासून ते गावांत येऊ लागतात. फेब्रुवारीत पोवामुया, म्हणजे घेवड्याचे कोंब उगवून करायचा विधी होतो. वसंतात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला गावच्या चौकात दिवसदिवसभर नाच चालतात. जुलैत निमान होतो, कत्सिनांची पाठवणी. त्या दिवशी ते मुलांसाठी नव्या मक्याची ताटे आणतात, मुलींना कॉटनवुड झाडाच्या मुळापासून कोरलेल्या तिहू नावाच्या बाहुल्या देतात, आणि नैर्ऋत्येला क्षितिजावर दिसणाऱ्या नुवातुक्याओवी या पर्वतावर परततात. नकाशात हा पर्वत सॅन फ्रान्सिस्को पीक्स या नावाने दाखवलेला असतो. त्याचे सर्वोच्च शिखर सुमारे ३,८५० मीटर उंच आहे आणि पावसाळी ढग त्याच्या माथ्याशी जमताना होपींना आपल्या घरांवरून दिसतात.

कत्सिनांचे प्रकार अडीचशेच्या वर आहेत. कावळ्याचे पंख डोक्याला लावलेली माता, अवज्ञा करणाऱ्या मुलांना दटावणारे अक्राळविक्राळ सोयोको, चिखलाच्या रंगाचे कोयेमसी, मोकळे केस पावसाच्या सरींसारखे खांद्यावर सोडलेला लांबकेशी कत्सिना. प्रत्येकाची ओळख वेगळी आणि ती खुणांवरून पटते. निमानच्या वेळी अनेकदा येणारा हेमिस कत्सिना घ्या. त्याच्या डोक्यावर उभ्या फळीचा मोठा मुकुट असतो आणि त्यावर ढग रंगवलेले असतात. वस्त्राच्या कडेलाही पायऱ्यापायऱ्यांचे ढग. पट्ट्याचे लांब गोंडे म्हणजे कोसळणाऱ्या सरी. कासव पाण्यातले, म्हणून त्याची पाठ पोटरीला, आणि प्रत्येक पावलाला तिचा खडखडाट. खुळखुळ्याचा आवाज पावसाचा. हिरव्या डहाळ्या डोंगरावरून, ओलाव्याच्या जागेवरून आणलेल्या. रंगसुद्धा मनाला येईल तसे लावलेले नसतात. पिवळा वायव्येचा, निळा-हिरवा नैर्ऋत्येचा, तांबडा आग्नेयेचा, पांढरा ईशान्येचा. दिशाही आपल्या चार मुख्य दिशा नव्हेत. वर्षातल्या सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान दिवशी सूर्य जिथे उगवतो आणि मावळतो, त्या जागांवरून त्या ठरल्या आहेत.

म्हणजे डोक्यापासून पायापर्यंत हा वेष एक सलग वाक्य आहे. त्यातला एक गोंडा चुकीचा काढला तर वाक्याचा अर्थ बिघडतो. काबोटींच्या चित्रांतला काटेकोरपणा कुंचल्याच्या कसबातून आला असे कुणी म्हणेल. मला ते अपुरे वाटते. कसब होतेच, पण त्याच्या आधी हा वेष वाचता येत होता. गावात वाढलेल्या माणसाचे ते ज्ञान आहे. या ज्ञानाचाही एक भाग मुलांना आठ-दहा वर्षांच्या सुमारास दीक्षा मिळेपर्यंत सांगितला जात नाही. तो या प्रकरणातही नाही, आणि वाचकाने तो इतरत्र शोधू नये अशी माझी इच्छा आहे.

काबोटींचा जन्म १९०० च्या आसपास दुसऱ्या मेसावरच्या शुंगोपावी गावात, निळपाखरू कुळात झाला. होपींमध्ये कूळ आईकडून येते. जन्मनाव नाकावोयमा, म्हणजे दिवसामागून दिवस उगवणारा सूर्य. आजोबा त्याला लाडाने ‘कावोताय’ म्हणत, अर्थ ‘उद्या’. तोरेवाच्या शाळेतल्या शिक्षकाने तो शब्द आपल्या कानाला ऐकू आला तसा ‘काबोटी’ लिहिला आणि पुढे फ्रेड लावले. हेच नाव जन्मभर राहिले.

त्या काळात शाळा हा होपींच्या घराघरात भांडणाचा विषय होता. मुलांना शाळेत पाठवायला आणि सामाईक जमिनीचे तुकडे पाडायला विरोध केला म्हणून ओराईबीच्या १९ पुरुषांना १८९५ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरातल्या अल्कात्राझ बेटावर कैदेत ठेवले होते. १९०६ च्या सप्टेंबरात ओराईबीच फुटले. सरकारशी जुळवून घेणारे आणि न घेणारे असे दोन गट समोरासमोर आले. जमिनीवर रेघ ओढली गेली आणि एकमेकांना रेटून निकाल लावला गेला. हरलेला गट त्याच दिवशी गाव सोडून निघाला आणि त्याने होटेविला वसवले. काबोटींचे कुटुंब या न झुकणाऱ्यांपैकी होते आणि त्यांच्याबरोबर होटेविलाला गेले. पुढे पुरुषांची धरपकड झाली, मुलांना शाळेत नेण्यात आले. कालांतराने हे कुटुंब शुंगोपावीला परतले. या मुलाला शाळा आवडत नव्हती. तो कोळशाच्या तुकड्यांनी आणि रंगीत मातीने घराजवळच्या खडकांवर कत्सिना काढत असे.

१९१५ मध्ये त्याची रवानगी न्यू मेक्सिकोतल्या सांता फे इथल्या सरकारी वसतिशाळेत झाली. अशा शाळांचा हेतू उघड होता: केस कापायचे, गणवेश घालायचा, इंग्रजीतच बोलायचे, घरचे विसरायचे. काबोटींच्या सुदैवाने तिथे जॉन डीहफ हे अधीक्षक म्हणून आले आणि त्यांची पत्नी एलिझाबेथ यांनी काही मुलांना दुपारी आपल्या घरी बोलावून रंग, कुंचले आणि कागद दिले. त्या मुलांत काबोटी होते, शुंगोपावीचेच ओटिस पोलेलोनेमा होते आणि झिया गावचे वेलिनो शिये हेरेरा होते. काय काढायचे हे कुणी सांगितले नाही. काबोटींनी कत्सिना काढले. पुढे आत्मचरित्रात त्यांनी याचे कारण सांगितले आहे: आपल्या माणसांपासून इतके दूर असताना समोर दिसते ते माणूस काढत नाही, मनात जे असते ते काढतो. त्यांचे पहिले चित्र शाळेतल्या सुताराने ५० सेंटना विकत घेतले.

कोरा कागद इथून आला असे मला वाटते. शाळकरी मुलाला मागचा देखावा जमला नाही म्हणून त्याने तो सोडला, असे म्हणणे सोपे आहे. पण पुढे हात पक्का झाल्यावरही ती मोकळी जागा कितीतरी चित्रांत राहिली. जवळच्या माणसाची आठवण येते तेव्हा त्याचा चेहरा दिसतो, पाठीमागची भिंत दिसत नाही. नाच आठवला की नाचणारेच आठवतात.

१९१९ मध्ये या मुलांची चित्रे सांता फेच्या न्यू मेक्सिको संग्रहालयात मांडली गेली. चित्रे गाजू लागली आणि त्याच सुमारास वॉशिंग्टनहून उलटा वारा सुटला. १९२१ साली अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचा कारभार पाहणाऱ्या इंडियन खात्याचे आयुक्त चार्ल्स बर्क यांनी परिपत्रक क्रमांक १६६५ काढले. मूळ रहिवाशांचे नाच हा कामाचा वेळ खाणारा आणि नीती बिघडवणारा प्रकार आहे, त्याला आळा घाला, असा त्याचा रोख होता. होपींच्या नाचांवर अश्लीलतेचे आरोप असलेली एक गुप्त फाइलही खात्यात फिरत होती. एकीकडे सरकार नाच बंद करायला निघाले होते आणि दुसरीकडे सरकारच्याच शाळेतला एक विद्यार्थी त्या नाचाचा एकेक गोंडा कागदावर उतरवत होता. त्याने कुठे भाषण केले नाही, अर्ज लिहिला नाही. पण हा नाच किती शिस्तीचा, किती नेमका आणि किती सुंदर आहे याचा याहून चांगला पुरावा कुणी दिला असेल असे मला वाटत नाही. १९२२ साली एलिझाबेथ डीहफ यांचे लोककथांचे ‘टेटेज् टेल्स’ हे पुस्तक निघाले, त्यातही काबोटींची चित्रे आहेत.

होपींनी कागदावर कत्सिना काढण्याची ही पहिली वेळ नव्हती. मानववंशशास्त्रज्ञ जेसी वॉल्टर फ्यूक्स यांनी १९०० च्या आगेमागे काही होपी पुरुषांना कागद, पेन्सिली आणि रंग देऊन कत्सिनांची चित्रे काढून घेतली होती. पांढरे अस्वल या अर्थाच्या नावाचा एक तरुण, त्याचा मामा होमोवी आणि विनुता हे त्यांतले प्रमुख चित्रकार. दोनशेहून अधिक आकृत्यांचा तो संच १९०३ मध्ये अमेरिकेच्या मानववंशशास्त्र विभागाच्या अहवालात छापला गेला. फ्यूक्स यांनी ही चित्रे गावातल्या लोकांना दाखवली तेव्हा ते रांगेने पाहायला आले आणि कोणता कत्सिना कोणता हे चटकन सांगू लागले. पुढे मात्र ही चित्रे काढणे म्हणजे करणी आहे अशी कुजबुज गावात सुरू झाली आणि काम अडखळले. ही कुजबुज अडाणीपणाची म्हणून झटकून टाकू नये. पवित्र रूप परक्याच्या हाती जाणे धोक्याचे आहे, ही शंका त्यात होती, आणि पुढच्या शंभर वर्षांनी ती खरी ठरवली.

त्या संचातली चित्रे आणि काबोटींची चित्रे शेजारी ठेवली की फरक कळतो. फ्यूक्स यांच्यासाठी काढलेले कत्सिना एकेकटे, ओळखपत्रावर असावेत तसे उभे आहेत. काबोटींचे कत्सिना नाचतात. एकाचा पाय वर, दुसऱ्याचा किंचित खाली; रांगेच्या टोकाला वळणारा एखादा मागे पाहतो; गुडघे टेकून बसलेल्या कत्सिना-कन्या खाचा पाडलेल्या काठीवर दुसरे हाड किंवा काठी घासून ताल देतात. वेषाचा तपशील दोन्हीकडे आहे, पण इकडे त्याला वजन आणि चाल आली आहे.

१९२० च्या दशकाच्या शेवटी न्यूयॉर्कच्या हाये प्रतिष्ठानने होपींच्या विधिजीवनाची चित्रमाला काबोटींकडून करून घेतली. ती आज नॅशनल म्युझियम ऑफ दि अमेरिकन इंडियनच्या संग्रहात आहे. याच काळाच्या आसपास काबोटी गावी परतले, पुरुषांच्या विधिमंडळाची दीक्षा घेतली आणि १९३१ साली ऍलिस यांच्याशी विवाह केला. चित्रकाराला सांता फेत राहून अधिक पैसे मिळाले असते. पण त्यांना ज्या नाचाचे चित्र काढायचे होते त्या नाचात पाय ठेवायला जागाही हवी होती.

त्यानंतर त्यांच्या हाती मोठ्या भिंती आल्या. ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण काठावर वास्तुविशारद मेरी कोल्टर यांनी सत्तर फुटी दगडी टेहळणी बुरूज बांधला. तो १९३३ मध्ये खुला झाला. त्यातल्या होपी दालनाची भिंतचित्रे काबोटींची आहेत. मुख्य चित्र वर्तुळाकार असून त्यात नाग कुळाची कथा आहे: गावच्या प्रमुखाचा मुलगा पोकळ ओंडक्यात बसून कोलोरॅडो नदीतून प्रवासाला निघतो, नागलोकांत पोहोचतो, तिथल्या मुलीशी लग्न करतो आणि पाऊस आणणारा विधी शिकून परततो. ज्या नदीची ही कथा, ती बुरुजाच्या खिडकीतून खाली वाहताना दिसते.

भिंतीवर विधीची चित्रे काढण्याची होपींची परंपरा कितीतरी जुनी आहे, हे १९३५ ते १९३९ या काळात हार्वर्डच्या पीबॉडी संग्रहालयाने अवातोवी गावच्या अवशेषांत केलेल्या उत्खननात दिसले. किवा, म्हणजे जमिनीखालच्या विधिगृहांच्या भिंतींवर गिलाव्याचे थरावर थर होते आणि अनेक थरांवर रंगीत आकृत्या. विधी झाला की चित्र गिलाव्याखाली बुजवायचे आणि पुढच्या वेळी नवे काढायचे, अशी ती रीत. १९४१ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयातल्या मोठ्या प्रदर्शनासाठी या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती काबोटींकडून करून घेण्यात आल्या. आपल्याच पूर्वजांनी भिंतींवर ओढलेल्या रेषा त्यांनी पुन्हा ओढल्या. या गोष्टीवर कुणी मराठीत स्वतंत्र लेख लिहावा इतकी ती मोठी आहे.

बाकीचे आयुष्य थोडक्यात सांगतो. १९३७ ते १९५९ ते ओराईबीच्या हायस्कुलात चित्रकला शिकवत होते. १९४५ मध्ये गुगेनहाइम फेलोशिप मिळाली. तिच्यातून प्राचीन मिंब्रेस भांड्यांवरच्या नक्षीचा होपी दृष्टीने अर्थ लावणारे पुस्तक १९४९ साली निघाले. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या होपी तरुणांना पॉल साउफकी यांच्यासह त्यांनी चांदीकाम शिकवले. दोन पत्रे एकावर एक जोडून वरच्या पत्र्यात नक्षी कापण्याची जी पद्धत आज होपी चांदीची ओळख आहे, ती या वर्गांतून रुजली. १९६० साली नवी दिल्लीतल्या जागतिक कृषी प्रदर्शनात अमेरिकेचे सदिच्छा प्रतिनिधी म्हणून ते भारतात आले होते. पाऊस आणि मका हाच ज्यांच्या चित्रांचा विषय, त्या माणसाने शेतीच्या मेळ्याला यावे हे मला फार योग्य वाटते. २८ फेब्रुवारी १९८६ रोजी त्यांचे निधन झाले. मागे सुमारे पाचशे चित्रे राहिली. मुलगा मायकेल काबोटीही नावाजलेला चित्रकार आणि चांदीकाम करणारा झाला.

तपशीलवार नोंदीची वाट पुढे इतरांनीही धरली. ओराईबीचे क्लिफर्ड बाहनिम्प्तेवा यांनी काढलेली कत्सिनांची २३७ चित्रे १९७३ मध्ये बार्टन राइट यांच्या मजकुरासह पुस्तकरूपात आली. कत्सिना ओळखायला शिकणाऱ्या परक्या वाचकासाठी ते आजही हाताशी ठेवावे असे पुस्तक आहे.

पण चित्रात किती सांगायचे हा प्रश्न मिटलेला नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, नाग कुळाच्या कथेतल्या त्या पाऊस आणणाऱ्या विधीचे नागनृत्य पाहायला कॅमेरेवाल्यांची अशी झुंबड उडाली की पुढच्या दशकात होपींनी छायाचित्रणच बंद केले. १२ एप्रिल २०१३ रोजी पॅरिसमध्ये विधीतल्या सत्तरच्या आसपास पवित्र वस्तूंचा लिलाव झाला. लिलाव करणाऱ्यांच्या यादीत त्यांना मुखवटे म्हटले होते. होपी हा शब्द वापरत नाहीत. त्यांच्या दृष्टीने ते जिवंत मित्र आहेत. लिलाव थांबवण्याची विनंती न्यायालयाने फेटाळली. त्याच वर्षी डिसेंबरमधल्या दुसऱ्या लिलावात ऍनेनबर्ग प्रतिष्ठानने गुपचूप बोली लावून २४ वस्तू विकत घेतल्या आणि परत पाठवल्या. त्यांतल्या २१ होपींच्या होत्या, तीन अपाची या दुसऱ्या जमातीच्या. लिलावात गेलेली वस्तू आणि काबोटींचे चित्र यांत हा फरक आहे. ती वस्तू घरातून नेलेली होती. चित्र घरच्या माणसाने स्वतःच्या हाताने, काय दाखवायचे आणि काय ठेवायचे हे ठरवून दिलेले आहे. त्या कोऱ्या जागेकडे मी आता तशाच नजरेने पाहतो.

अमेरिकेत मुलांकडे गेलेली मराठी मंडळी ग्रँड कॅन्यन पाहतातच. दक्षिण काठावरच्या मुख्य वस्तीपासून पूर्वेला सुमारे ४० किलोमीटरवर डेझर्ट व्ह्यू आहे. बहुतेक जण बुरुजाबाहेर दरीचे फोटो काढून परततात. तुम्ही आत जा, होपी दालनात भिंतीपाशी थांबा आणि त्या वर्तुळात नदीतून निघालेला मुलगा शोधा. तिथून पुढे होपी गावांत जाणार असाल तर कॅमेरा, मोबाइल आणि चित्राची वही गाडीतच ठेवा. गावात फोटो काढणे, रेखाटन करणे आणि आवाज मुद्रित करणे यांना मनाई आहे.